पेटी बदलताना

मराठी माणसापुढे नुसता ‘पेटी’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांसमोर बाजाची पेटी उभी राहते. आमच्या दिल्लीच्या घरात जी पेटी आहे, तिला ना सूरपट्ट्या आहेत, ना भाता. ती स्वतः वाजत नाही. दुसऱ्याचे वाजणे मोठे करून सांगते. ती आहे गिटारच्या ध्वनिवर्धकाची, म्हणजे अँप्लिफायरची पेटी. त्यातही गंमत अशी, की पेटी एका यंत्राची आणि तिच्यात नांदणारा जीव दुसऱ्याच यंत्राचा. एका जुन्या अँप्लिफायरचा सांगाडा परक्या पेटीत बसविण्याचा हा उद्योग मी २०२३ साली केला. परक्या भाषेतला मजकूर मराठीत आणणे हा माझा व्यवसाय. सुतारकाम आणि वीजकाम यांपैकी कशातच मला गती नव्हती. त्यामुळे या उद्योगात मी चुकले, आणि त्या चुकीने मला जे दाखविले, ते वाचकहो, आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

आधी थोडे यंत्राविषयी. विजेच्या गिटारला बहुधा पोकळ पोट नसते. तिच्या तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेले तांब्याचे बारीक वेटोळे असते. तार हलली की त्या वेटोळ्यात विजेचा अत्यंत क्षीण स्पंद निर्माण होतो. हा स्पंद अनेक पटींनी मोठा करून स्पीकरच्या कागदी पडद्याला हलविणे, हे अँप्लिफायरचे काम. यंत्र आणि स्पीकर एकाच पेटीत असले म्हणजे तिला ‘कॉम्बो’ म्हणतात. यंत्राचा सगळा कारभार पत्र्याच्या एका लांबट तबकडीत मांडलेला असतो. तिला ‘चॅसिस’ असे नाव आहे. मी तिला सांगाडाच म्हणेन. अमेरिकन धर्तीच्या जुन्या कॉम्बोत हा सांगाडा पेटीच्या वरच्या फळीला चार बोल्टांनी टांगलेला असतो. तबकडीची उघडी बाजू वर फळीकडे, आणि काचेचे व्हॉल्व्ह व लोखंडी ट्रान्स्फॉर्मर खाली, वटवाघळांसारखे लोंबकळणारे. आपल्या आजोबांच्या काळच्या रेडिओत जे तांबूस प्रकाशाचे व्हॉल्व्ह असत, तेच हे. मामांच्या अँप्लिफायरमध्ये असे नऊ व्हॉल्व्ह आहेत.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सांगलीचे. ऐन तारुण्यात, दिवसा नोकरी आणि रात्री गणेशोत्सवाचा नाही तर जत्रेचा मंडप, असा त्यांचा क्रम होता. चित्रपटगीते सादर करणाऱ्या ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवीत. १९७९ साली त्यांनी मुंबईच्या एका हॉटेलातील वादकाकडून फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा अँप्लिफायर वापरलेलाच विकत घेतला आणि त्यापायी आजीची बोलणी वर्षभर खाल्ली. लहानपणी सुटीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. संध्याकाळी ते यंत्र सुरू करीत आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्हा मुलांना गप्प बसवीत. ती अर्ध्या मिनिटाची शांतता मला अजून आठवते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. मामा-मामींना नावेतून बाहेर पडावे लागले. तळमजल्याच्या खोलीत टेबलावर ठेवलेला अँप्लिफायर तसाच मागे राहिला. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर भिंतीवरची चिखलाची रेघ बरोबर स्पीकरच्या मध्यावरून गेलेली. खालचा अर्धा भाग कुजला, स्पीकरचा कागद विरघळला, पुढची फळी फुगून भाकरीसारखी झाली. वर टांगलेला सांगाडा मात्र कोरडा राहिला. यंत्र वरच्या फळीला टांगण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली, त्यांच्या मनात कृष्णेचा पूर खचितच नव्हता. पण मामांचे यंत्र वाचले ते त्या पद्धतीमुळे.

२०२१ साली मामी गेल्या. पुढच्या वर्षी आम्ही मामांना दिल्लीला घेऊन आलो. सांगलीचे घर आवरताना मी सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून घेतला आणि पेटीचे उरलेसुरले अवशेष कचऱ्याच्या गाडीत टाकले. त्यात पेटीची वरची फळीही होती. ती बऱ्यापैकी धड होती. तिला आतल्या बाजूने चंदेरी वर्खासारखे काहीतरी चिकटवलेले होते. मामा दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी हात किंचित उचलला आणि पुन्हा खाली घेतला. मला वाटले, जुन्या वस्तूचा मोह. ‘मामा, कुजकं लाकूड दिल्लीला कशाला न्यायचं?’ असे मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत.

दिल्लीत आल्यावर मामा तसे फार बोलतच नसत. त्यांची खोली हवेशीर आहे, जेवणखाण वेळेवर आहे, औषधे घड्याळाच्या ठोक्यावर आहेत. तरीही ते दिवसचे दिवस खिडकीपाशी बसून राहत. गिटार खोळीतून बाहेर आली नाही. एकदा ते मला म्हणाले, ‘तो सांगाडा विकून टाक. सुट्या भागांना गिऱ्हाईक असतं.’ मी खरोखरच एका दुकानदाराला विचारले. त्याने ट्रान्स्फॉर्मर आणि व्हॉल्व्ह यांची म्हणून वेगवेगळी किंमत सांगितली. घरी परतताना मला कसेसेच झाले. जिवंत यंत्राचे तुकड्यांनी मोल करणे मला मानवले नाही. मी ठरविले, की याला घर द्यायचे.

‘पण मूळ पेटी गेल्यावर मूळ आवाज राहील का?’ माझ्या पतींनी रास्त शंका काढली. मी वाचू लागले, आणि मला असे दिसले की या वाद्याचा इतिहासच मुळी घरे बदलण्याचा आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या लिओ फेंडर यांनी पुढे गिटार आणि अँप्लिफायर बनविले. त्यांच्या ‘बासमन’ या यंत्रात पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चार १० इंची स्पीकर एकाच पेटीत असत आणि पेटी मागून उघडी असे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२-६३ च्या सुमारास याच बासमनच्या मंडलावरून आपला ‘जेटीएम ४५’ तयार केला. पण स्पीकर मात्र चार १२ इंची घेतले आणि तेही मागून बंद अशा स्वतंत्र पेटीत बसविले. मंडल जवळजवळ तेच, आवाज निराळा. या फरकात सुट्या भागांचा वाटा होता, तसाच पेटीचाही होता. पुढे त्यांनी हेच यंत्र दोन स्पीकरांच्या एका कॉम्बो पेटीत घातले. एरिक क्लॅप्टन यांना मोटारीच्या डिकीत मावेल असा अँप्लिफायर हवा होता म्हणून हे झाले, अशी कथा सांगितली जाते. जॉन मेयॉल यांच्या संचासह क्लॅप्टन यांची १९६६ साली जी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यावरून त्या पेटीला ‘ब्लूजब्रेकर’ हे नाव पडले.

याहून गमतीची गोष्ट रँडल स्मिथ या कॅलिफोर्नियातील कारागिराची आहे. साठीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी थट्टेखातर एका वादकाच्या ‘प्रिन्स्टन’ या चिमुकल्या अँप्लिफायरचे पोट रिकामे करून त्यात बासमनच्या धर्तीचे मोठे मंडल आणि दांडगे ट्रान्स्फॉर्मर बसविले. १० इंची स्पीकरच्या जागी १२ इंची मावावा म्हणून फळीही कापली. ती लहानखुरी पेटी कार्लोस सँटाना यांनी वाजवून पाहिली आणि खूश होऊन जो उद्गार काढला, त्यातूनच ‘बूगी’ हे त्या पेट्यांचे नाव जन्मले. थट्टेतून एक उद्योग उभा राहिला. हे सारे वाचून मला धीर आला. जे हॅनवेलमध्ये आणि कॅलिफोर्नियात झाले, ते दिल्लीत लहान प्रमाणात का होऊ नये?

येथे एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये चारशे व्होल्टच्या वर दाब खेळत असतो. त्यातील कपॅसिटर नावाचे भाग वीज साठवून ठेवतात आणि यंत्राची पिन काढून ठेवल्यावरही तो साठा माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून यंत्राच्या पोटात मी हात घातला नाही. आपणही घालू नये. लाल किल्ल्यासमोरच्या जुन्या लाजपतराय मार्केटमध्ये व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध मिस्त्री मला भेटले. त्यांनी प्रथम रोधकातून तो साठा उतरविला, मीटर लावून तो उतरल्याची खात्री केली, आणि मगच तबकडीत बोट घातले. सुकून गेलेले कपॅसिटर बदलले. नंतर एक स्पीकर जोडून, कमी दाबापासून चढवीत चढवीत त्यांनी यंत्राला वीज दिली. स्पीकर जोडल्याशिवाय हे यंत्र कधीही सुरू करावयाचे नाही, नाहीतर त्याचा ट्रान्स्फॉर्मर जळण्याची भीती असते, हा धडा मला तेथे मिळाला. यंत्र अमेरिकेतील १२० व्होल्टचे. आपल्या घरी वीज २३० व्होल्टची. दाब उतरविणारा वेगळा ट्रान्स्फॉर्मर मामांनी सांगलीहून आठवणीने आणला होता. मिस्त्रींनी तो उघडून पाहिला आणि ‘अभी चलेगा’ असा निर्वाळा दिला.

आता प्रश्न पेटीचा. नवी कोरी बनवून घेण्याचा खर्च झेपणारा नव्हता. जुन्या सामानाच्या एका गाळ्यात एका मृत अँप्लिफायरची पेटी पडलेली होती. तो ट्रान्झिस्टरचा होता आणि बास गिटारसाठी केलेला होता; स्पीकर फाटलेला, यंत्र जळून गेलेले, पण प्लायवूड दणकट. मी पुठ्ठ्याचा एक खोटा सांगाडा तयार केला. लांबी-रुंदी तर त्यात घेतलीच, शिवाय खाली लोंबणाऱ्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या आणि ट्रान्स्फॉर्मरच्या जागी तेवढ्याच उंचीच्या कागदी नळकांड्या आणि खोकी चिकटविली. हा पुठ्ठ्याचा बाहुला घेऊन मी त्या गाळ्यात गेले, तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना. परंतु त्या बाहुल्यामुळेच मला कळले, की पेटी आतून ६१ सेंटिमीटर रुंद असल्याने सांगाडा तिच्यात सहज मावतो आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते; पण स्पीकरच्या भोकाची जागा आहे तशी ठेवली, तर स्पीकरचे जाड चुंबक मोठ्या व्हॉल्व्हच्या अगदी जवळ येते. हे व्हॉल्व्ह हात भाजण्याइतके तापतात. म्हणून स्पीकरची फळी नवी कापून भोक चार बोटे खाली घ्यावे लागले.

कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातील एका सुताराने हे काम केले. ट्रान्झिस्टरचे यंत्र हलके असते. ते चार लहान स्क्रूंवर राहते. मामांच्या यंत्राचे दोन ट्रान्स्फॉर्मर चांगले वजनदार, आणि त्यांतला मोठा एका टोकाला. हे ओझे वरच्या फळीला टांगावयाचे, म्हणून फळीच्या आरपार जाणारे लांब बोल्ट आणि वरून लोखंडी पट्ट्या दिल्या. व्हॉल्व्ह उलटे लोंबतात, धक्क्याने निसटून पडू शकतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा तपासल्या, ढिल्या होत्या त्या बदलल्या. बटणांच्या पट्टीसाठी पेटीच्या पुढची खाच रुंद केली. बासची पेटी मागून पूर्ण बंद होती. तशीच ठेवली असती, तर व्हॉल्व्हची उष्णता आत कोंडली असती. मागची फळी कापून तिच्या दोन पट्ट्या केल्या. एक वर, एक खाली, मध्ये मोकळी जागा. पेटी अशी उघडी केली म्हणजे पडद्याच्या पाठीमागून निघालेला आवाज वळसा घालून पुढच्या आवाजाला भेटतो. दोघांची स्पंदने परस्परविरोधी असल्याने खर्जाचा काही अंश त्यात नष्ट होतो. म्हणून उघडी पेटी मोकळी आणि हवेशीर बोलते, बंद पेटी छातीत घुमते. मामांची मूळ पेटी उघडीच होती.

नवा १२ इंची स्पीकर घेतला, तोही यंत्राला मानवणारा ८ ओहमचाच. ‘रिव्हर्ब’ म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा देणारी, स्प्रिंगा ताणून बसविलेली पत्र्याची एक अरुंद पेटी. जुनी पुरात गेली होती, ती नवी आणून तळाशी ठेवली. तिच्या आवाज टिपणाऱ्या टोकाला मोठ्या ट्रान्स्फॉर्मरच्या जवळ ठेवावयाचे नाही, नाहीतर ती गुणगुणते, हे मी वाचले होते. सगळे शास्त्रशुद्ध केले. एका रविवारी दुपारी मिस्त्री घरी आले, सांगाडा वर चढविला, चार बोल्ट आवळले. मी समारंभपूर्वक बटण दाबले.

अर्धे मिनिट शांतता. तीच जुनी. आणि मग मधमाश्यांचे पोळे उठावे तशी भुणभुण सुरू झाली. आवाजाचे बटण वाढविले तसा त्या भुणभुणीतून कुठल्याशा केंद्रावरचा अस्पष्ट बोलण्याचा आवाज येऊ लागला. मिस्त्रींच्या बाकावर हेच यंत्र निमूट होते, आमच्या घरी मात्र ते पिसाळल्यासारखे झाले. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले, तारा हलविल्या, रिव्हर्बची पेटी उलटसुलट केली. भुणभुण हटेना. तासाभराने ते घाम पुसत खाली बसले. माझ्या डोळ्यांत पाणी यावयाचे बाकी राहिले होते. पैसा गेला त्याचे वाईट वाटत होतेच; पण मामांना यंत्र ऐकवीन म्हणून इतके दिवस मनात धरून ठेवले होते, ते असे सर्वांसमोर फसले.

दारातून मामांचा आवाज आला. ‘वरचा पत्रा नाही ना लावलास?’

आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहत राहिलो. मामा आत आले, पेटीच्या वरच्या फळीवर त्यांनी बोटाने टकटक केले. ‘तबकडीची उघडी बाजू हिच्याकडे असते. हिला आतून वर्ख लावलेला असतो. तबकडी खालून, वर्ख वरून, असा डबा बंद होतो. त्र्याऐंशी साली एका जत्रेत हा असाच रेडिओ बोलायला लागला होता, भर कार्यक्रमात. वर्ख सुटून लोंबत होता. मग मी चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद लावला. तू टाकलास तो.’

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. ‘छत! छत तो लगाई ही नहीं!’ बाकावर त्यांनी तबकडी उपडी, पत्र्याच्या फळीवर ठेवून तपासली होती. म्हणून तेथे ती शांत होती.

‘मामा,’ मी म्हणाले, ‘तुम्हांला हे माहीत होतं, तर सांगितलं का नाहीत?’

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. ‘तू विचारलं नाहीस गं.’

वाचकहो, ही गोष्ट खरी होती. दोन महिने मी इंग्रजी पुस्तके चाळली, अनोळखी दुकानदारांना प्रश्न विचारले, पुठ्ठ्याचा बाहुला घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. ज्या माणसाने ते यंत्र चाळीस वर्षे सांभाळले, उघडले, दुरुस्त केले, तो माणूस माझ्याच घरात शेजारच्या खोलीत बसला होता आणि मी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना चकित करणार होते! त्यांच्यासाठी काहीतरी करण्याच्या भरात, त्यांच्याबरोबर काही करावे, हे मला सुचलेच नाही.

त्या वर्खामागचे शास्त्र जुने आहे. सर्व बाजूंनी बंद अशा धातूच्या आवरणात बाहेरच्या विजेचा प्रभाव शिरत नाही, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ साली प्रयोगाने दाखविले. यंत्राची तबकडी म्हणजे पाच बाजूंचा डबा. सहावी बाजू पेटीच्या फळीवर चिकटवलेली. मी डबा आणला आणि त्याचे झाकण कचरा म्हणून टाकून दिले. एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना शब्द सगळे येतात आणि त्यांना तोलून धरणारे काहीतरी मागे राहते, हा अनुभव तर मला रोजचा. तरी लाकडाच्या बाबतीत माझ्या ते ध्यानात आले नाही. पेटी म्हणजे केवळ आच्छादन, असे मी धरून चालले होते. सांगलीच्या शेजारी मिरजेला जाऊन एखाद्या तंबोरा करणाऱ्या कारागिराला विचारले असते, तरी त्याने मला शहाणे केले असते. तो आधी भोपळा निवडतो. भोपळा हे तंबोऱ्याचे वेष्टन आहे असे कोणी म्हटले, तर तो हसेल.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर बाजारात आले. दिल्लीत आल्यापासून ते प्रथमच आपण होऊन बाहेर पडले होते. अल्युमिनियमचा पातळ पत्रा त्यांनी स्वतः निवडला. तबकडीच्या कडा त्याला चहूबाजूंनी टेकल्या पाहिजेत, एकाही ठिकाणी फट राहता कामा नये, असे त्यांनी मिस्त्रींना मोडक्यातोडक्या हिंदीत बजावले. फळी खरवडून पत्रा चिकटविला, सांगाडा पुन्हा वर चढविला. बटण दाबले. व्हॉल्व्ह तांबूस झाले. भुणभुण इतकी कमी झाली, की पंखा बंद केल्यावाचून ती ऐकू येईना.

मामांनी गिटार खोळीतून काढली. बोटे आखडली होती. पहिले दोन-तीन सूर चुकले. मग त्यांनी एक साधी सुरावट छेडली, आणि आम्ही सगळे गप्प झालो. आवाज सांगलीचा नव्हता. किंचित गडद होता. जाड प्लायवूडचा असेल, नव्या स्पीकरचा असेल. मामांनी मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, ‘वेगळा आहे. पण खोटा नाही.’ पतींच्या शंकेला याहून चांगले उत्तर मला कधीच देता आले नसते.

आमच्या वरच्या मजल्यावर शिलाँगहून शिकावयास आलेला एक विद्यार्थी राहत होता. तो आवाज ऐकून खाली आला आणि दारातच थबकला. पुढे तो आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागला. तो मामांना इंग्रजी गाण्यांच्या चाली दाखवी. मामा त्याला जुन्या हिंदी चित्रपटगीतांतले गिटारचे तुकडे शिकवीत. दोघांचीही हिंदी ऐकण्यासारखी होती.

पण मला सांगावयाचे आहे ते याच्याही पुढचे. त्या रविवारच्या रात्री मला झोप आली नाही. यंत्राच्या बाबतीत मी जी चूक केली, तीच मी माणसाच्या बाबतीतही केली नव्हती काय? मामांना सांगलीहून उचलून दिल्लीच्या चांगल्या, कोरड्या, मजबूत पेटीत आणून बसविले. मापे सगळी जुळविली. आणि ते गप्प का, याचे मला नवल वाटत राहिले. सांगलीचे ते घर त्यांच्यासाठी न बोलता काय काय करीत होते, हे मी कधी विचारलेच नव्हते.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना सरळ विचारले, ‘मामा, सांगलीच्या घरातलं असं अजून काय आहे, जे आणायचं माझ्याकडून राहिलं?’

ते बराच वेळ बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘तसं काही नाही गं. तुझी मामी भाजी निवडायची, तेव्हा मी तिला पेपर वाचून दाखवायचो. मोठ्यानं. इतकंच.’

तेव्हापासून आमच्याकडे सकाळी मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते. ते दिल्लीत उशिरा पोचते, म्हणून बातम्या शिळ्या असतात. मी भाजी निवडता निवडता ऐकते, आणि कचेरीला निघावयास मला रोज दहा मिनिटे उशीर होतो.